भाकरीपासून बाराखडीकडे : शाळेपूर्वीच्या वयातील घरचे शिक्षण

शाळेच्या वाटचालीविषयी या स्मरणिकेत अनेक मान्यवर लिहितील. आम्ही अध्यापक मंडळींनी मात्र शाळेच्या दारात येण्यापूर्वी मूल घरात जी पाच-सहा वर्षे काढते, त्या वर्षांविषयी लिहावयाचे ठरविले. याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, आमचे माजी विद्यार्थी आता स्वतः आईवडील झाले आहेत. भेटीला आले की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "सर, बाळ तीन वर्षांचे झाले. कोणत्या नर्सरीत घालू?" दुसरे कारण आमच्या स्वतःच्या एका चुकीचे आहे. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचन का केले ते ध्यानात येईल.

पहिल्या इयत्तेच्या प्रवेशाचा दिवस होता. त्या काळी आम्ही प्रत्येक मुलाला अक्षरे विचारीत असू, शंभरपर्यंत अंक म्हणावयास लावीत असू आणि त्यावरून यादी करीत असू. एका मुलाने इंग्रजी मुळाक्षरे घडाघडा म्हटली आणि एक ते शंभर अंकही न अडखळता म्हणून दाखविले. त्याचे नाव आम्ही वर लिहिले. त्याच्यामागून एक मुलगी आली. आईवडील ऊसतोडणीला जाणारे. मुलीला एक अक्षर ओळखता येईना. पेन्सिल हातात दिली तर ती कशी धरावी हेही कळेना. तिचे नाव आम्ही यादीच्या तळाशी टाकले. आई संकोचून म्हणाली, "गुरुजी, आम्ही अडाणी माणसं. घरी कोण शिकवणार हिला?" आम्ही मान डोलावली.

दुपारी मुले जेवावयास बसली. पंगतीत पाच मुले होती. घडाघडा अंक म्हणणाऱ्या मुलाला आम्ही सांगितले, "या सगळ्यांना एकेक वाटी आण." त्याने ओंजळभर वाट्या आणल्या, मोठ्याने अकरापर्यंत मोजल्या आणि तो गोंधळून उभा राहिला. मग तेच काम त्या मुलीला सांगितले. तिने पंगतीवरून नजर फिरविली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि सहा वाट्या घेऊन आली. "पाचच मुले आहेत ना?" असे विचारताच म्हणाली, "एक पाणी प्यायला गेलाय." एवढे कोठे शिकलीस, असे विचारल्यावर तिने सांगितले, "आई भाकऱ्या थापते तवा मीच मोजून ठेवते. कोणाला किती ते मला ठाव हाय."

तिच्या आईला हे सांगावे म्हणून आम्ही बाहेर आलो, तोवर ती दुपारच्या एस.टी.ने निघून गेली होती. आपण अडाणी आहोत, आपण काय शिकविणार, असे मानणाऱ्या त्या माउलीने आपल्या मुलीला अंकगणिताचा पाया घालून दिला होता. तो तिलाही दिसला नाही आणि आम्हालाही दिसला नाही. पुढे प्रवेशाची ती पद्धत आम्ही बंद केली. त्या दिवशी जे उत्तर द्यावयाचे राहून गेले, ते या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या वयात मूल कसे शिकते?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा काळ शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो, असेही त्या धोरणात नमूद आहे. हे वाचून पुष्कळ पालक घाबरतात आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हाती वही-पेन्सिल देतात. वस्तुतः त्या विधानाचा अर्थ नेमका उलट घ्यावयास हवा. या वर्षांत मूल अक्षरांच्या आधी वस्तूंवरून, माणसांवरून आणि स्वतःच्या हातापायांच्या हालचालींवरून शिकत असते. तो साठा जितका समृद्ध, तितकी पुढील अक्षरे अर्थपूर्ण.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांचा एक प्रयोग कोणत्याही घरात करून पाहता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी भरा. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला विचारा, "दोन्हींत सारखे आहे ना?" ते हो म्हणेल. आता त्याच्यासमोरच एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता आणि पुन्हा विचारा. बहुतेक मुले उंच पेल्याकडे बोट दाखवून "यात जास्त आहे" असे म्हणतील. येथे मूल मंदबुद्धी नाही. ते एका वेळी एकाच गोष्टीकडे, म्हणजे उंचीकडे, पाहते. रुंदी कमी झाली हे त्याच्या हिशेबात अजून येत नाही. असे मूल "चूक!" म्हणून ओरडल्याने शहाणे होत नाही. पाणी, धान्य, माती यांची ओतओत ते शेकडो वेळा स्वतः करते, तेव्हा वर्ष-दोन वर्षांत ही समज त्याची त्यालाच येते. म्हणून बादलीशी खेळणाऱ्या मुलाला "पाणी सांडू नकोस" असे म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. ते त्या वेळी मोठ्या अभ्यासात असते.

ही वाट आपल्याच मातीत घातली गेली

घरातील कामांतून शिक्षण ही कल्पना नवी नाही आणि ती श्रीमंतांचीही नाही. 'माँटेसरी' हे नाव आज महागड्या शाळांच्या पाट्यांवर दिसते. परंतु मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब कामकरी वस्तीत उघडले होते. आईवडील कामावर गेल्यावर मागे उरणारी मुले तेथे हात धुणे, झाडणे, पाणी ओतणे, गुंड्या लावणे अशा कामांतून शिकत. भारतात गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

पुढे ताराबाईंना प्रश्न पडला, की हे शिक्षण खेड्यातील, दलितांच्या, आदिवासींच्या मुलांपर्यंत कसे पोहोचणार? १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली तरी वस्तीतील मुले येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज प्रत्येक गावात ऐकू येणाऱ्या 'अंगणवाडी' या शब्दामागे हा अनुभव आहे. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, माती यांची साधने केली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे मुले जेथे गुरे चारीत तेथेच शिक्षक जाऊ लागले. लहान भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीची शाळा सुटू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालविण्यात आल्या.

या इतिहासातून आम्ही इतकेच घेतो, की शिक्षणाची साधने आपल्या घरात आहेतच. कमतरता असेल तर ती त्यांच्याकडे शिक्षणाचे साधन म्हणून पाहणाऱ्या दृष्टीची आहे.

स्वयंपाकघरातील गणित आणि विज्ञान

गणिताची सुरुवात मोजण्यापासून होत नाही. ती निवडण्यापासून आणि जुळविण्यापासून होते. डाळी निवडताना मुलासमोर थोडे मूग, मटकी आणि चवळी एकत्र करून ठेवा. "सारखे सारखे वेगळे काढ" एवढेच सांगा. रंग, आकार आणि लहानमोठेपणा यांवरून वर्गीकरण करणे ही सर्व शास्त्रांची पहिली पायरी होय. (तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मात्र धान्याचे दाणे, चिंचोके किंवा गुंड्या देऊ नयेत. ती तोंडा-नाकात जाण्याचा धोका असतो. मोठ्या मुलांजवळही कोणी तरी बसावे.)

त्यानंतर जुळवणी. जेवावयास पाच माणसे, तर पाच ताटे. प्रत्येक ताटाजवळ एक वाटी, एक पेला. "एकाला एक" ही जोडणी हाताने शेकडो वेळा झाली, की संख्या कळते. मूल मोजत असेल तर शेवटी विचारावे, "मग किती झाल्या?" पुष्कळ मुले अशा वेळी पुन्हा एकपासून मोजू लागतात. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्यांना अजून उमगलेले नसते. ते उमगेपर्यंत शंभरपर्यंतचे पाठांतर निरुपयोगी आहे. आमच्या प्रवेशाच्या दिवशी त्या मुलाची अडचण हीच होती.

येथे मराठी अंकनामांविषयीही सांगितले पाहिजे. आपले अंक लहान मुलाला सोपे नाहीत. 'एकोणतीस' म्हणजे एक उणे तीस. म्हणजे शब्दाच्या पोटातच वजाबाकी आहे. 'बावीस' म्हणताना दोन आधी येतात, लिहिताना मात्र वीस आधी. सहा-सात वर्षांच्या मुलांनाही हे अवघड जाते. त्यामुळे शाळेपूर्वी दहापर्यंतच्या संख्या वस्तूंसह पक्क्या झाल्या तरी पुरे. त्यापुढे जावयाचे तर दहा काड्यांची एक जुडी बांधावी. "एक जुडी आणि वर दोन काड्या" म्हणजे बारा, असे मूल हाताने धरून पाहते.

मापनही येथेच शिकता येते. आपल्या आजीला मापांची जुनी कोष्टके पाठ होती : दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. ही मापे आता घरोघरी नाहीत, पण वाटी आणि डबा आहे. "हा डबा भरावयास किती वाट्या लागतील?" असे विचारावे, मुलाला अंदाज करू द्यावा आणि मग भरून पाहावे. अंदाज चुकला तर हसावे, रागावू नये. अर्धी भाकरी, चतकोर भाकरी हे शब्द कानावर असलेल्या मुलाला पुढे अपूर्णांक परके वाटत नाहीत.

विज्ञान तर चुलीजवळच बसलेले असते. पाण्याची वाफ होते आणि झाकणावर पुन्हा पाणी होऊन जमते. मीठ पाण्यात दिसेनासे होते, पण चवीला असते. मटकी भिजवून बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. सायंकाळी दुधाला विरजण लावले की सकाळी दही. या वेळी लगेच स्पष्टीकरण देऊ नये. "काय झाले असेल रे?" असे विचारून वाट पाहावी. मुलाचे उत्तर चुकीचे असले तरी त्याने विचार केला, हे मोलाचे. विस्तव, उकळते पाणी आणि विळी यांपासून मूल हातभर दूर राहील, याची दक्षता अर्थातच घ्यावी.

हात तयार होणे म्हणजे लेखनाची तयारी

पालकांची सर्वांत मोठी घाई लेखनाची असते. लहान मुलाच्या मनगटातील हाडे अद्याप पूर्ण कठीण झालेली नसतात आणि बोटांचे स्नायूही कोवळे असतात. अशा हाताला पानेच्या पाने गिरवावयास लावले, तर मूल पेन्सिल चुकीची धरावयास शिकते आणि लिहिण्याचा कंटाळा घेऊन शाळेत येते. तो कंटाळा घालविण्यात आमची वर्षे जातात.

बोटांना बळ देणारी कामे घरात रोज चाललेली असतात. तुरीच्या किंवा मटारच्या शेंगा सोलणे, लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणे, कणकेच्या लहान गोळ्या करणे, आईशेजारी बसून आपली छोटी भाकरी थापणे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणे, ओले फडके पिळणे, सदऱ्याची बटणे लावणे, रांगोळीचे ठिपके देणे. अंगठा आणि पहिली दोन बोटे यांची जी पकड रांगोळीच्या चिमटीत असते, तीच पुढे पेन्सिलला लागते. अंगणातील मातीत काडीने रेघोट्या, ओल्या खडूने फरशीवर गोल, ओल्या बोटाने पाटीवर वाटेल ते. हेच त्या वयाचे लेखन समजावे.

याच्याच जोडीला स्वावलंबन येते. निवासी शाळेत आम्हाला हे विशेष जाणवते. पहिल्या आठवड्यात कोणते मूल रमते? ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येते, अंघोळीचा तांब्या स्वतः घेता येतो, शौचानंतर स्वच्छता करता येते, चपला जोडीने ठेवता येतात, ते मूल. अशा मुलाला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही, म्हणून त्याला घराची आठवण आली तरी ते कोसळत नाही. याउलट लाडापायी सहाव्या वर्षापर्यंत भरविले गेलेले मूल पंगतीत ताटासमोर रडत बसते. त्या रडण्यात भुकेपेक्षा अपमान अधिक असतो. म्हणून आमची विनंती आहे, की मुलाचे काम उरकून टाकू नका. त्याला दहा मिनिटे लागतील, लागू द्यात.

अंगण, शेत आणि बाजार

घराबाहेर पडल्यावर शिक्षणाचा पसारा आणखी वाढतो. शेतावर जाताना "आपल्या डाव्या हाताला काय आहे? विहिरीच्या पलीकडे काय दिसते?" असे विचारीत गेले, की दिशा आणि स्थान यांचे भान येते. आठवडी बाजारात मुलाला एका जिनसाची जबाबदारी द्यावी : "कोथिंबिरीची जुडी तू घ्यावयाची, पैसे तू द्यावयाचे." तागडीचे कोणते पारडे खाली गेले, का गेले, हे ते पाहील. शहरातील घरात तागडी नसेल, पण जिन्याच्या पायऱ्या आहेत, बसचे क्रमांक आहेत, दुकानांच्या पाट्या आहेत.

खेळही विसरू नयेत. चिंचोके मुठीत धरून 'एकी की बेकी' विचारणारा खेळ म्हणजे सम-विषम संख्यांचा पाठ होय. सागरगोट्यांनी नजर आणि हात यांचा मेळ बसतो. लगोरीत तोल आणि नेम येतो. फुगडीत दुसऱ्याच्या हातावर विश्वास ठेवावा लागतो. हे खेळ आपल्या आयांनी खेळलेले आहेत. ते मुलांना शिकवावयाला कोणत्याही प्रशिक्षणाची गरज नाही.

बोली, गोष्ट आणि भेंड्या

या वयातील सर्वांत मोठी कमाई भाषेची असते आणि ती केवळ बोलण्यातून होते. भाजी चिरताना, धुणे वाळत घालताना, रस्त्याने चालताना आपण जे करतो ते मुलाशी बोलत करावे. "आण ते" यापेक्षा "कोनाड्यातली पितळी वाटी आण" असे म्हटले, तर एका वाक्यात तीन शब्दांची भर पडते.

काही पालकांना आपल्या बोलीची लाज वाटते. घरात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा आणखी कोणती बोली असते. "शाळेत हसतील" म्हणून ते मुलाशी पुस्तकी मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत बोलू लागतात. त्यामुळे संभाषण आखडते. आईला जे मनापासून सांगावयाचे असते, ते त्या उसन्या भाषेत सांगता येत नाही आणि मूल तुटक आज्ञांवर वाढते. आमचा अनुभव असा, की घरच्या बोलीत भरपूर बोललेले मूल प्रमाण मराठीही लवकर आत्मसात करते आणि पुढे इंग्रजीलाही भीत नाही. तुमच्या बोलीवर हसणारा शिक्षक चुकतो. तुम्ही तिला सोडू नका.

वाचनाची पूर्वतयारी कानाने होते. शब्द ऐकून टाळ्या वाजविण्याचा खेळ खेळावा. 'भाकरी' म्हणताना तीन टाळ्या : भा-क-री. 'ज्वारी' म्हणताना दोनच : ज्वा-री. मग पहिले अक्षर ओळखणे : "भाकरी, भाजी, भात. काय सारखे आहे?" मग भेंड्या, गाण्यांऐवजी साध्या शब्दांच्या. एकाने 'घागर' म्हटले की दुसऱ्याने 'र'वरून 'रताळे'. हा खेळ बसमध्ये, शेतात, अंथरुणात कोठेही होतो. ज्या मुलाला शब्दातील अक्षरे कानाने सुटी करता येतात, त्याला बाराखडी डोळ्यांनी ओळखणे अवघड जात नाही.

रात्रीची गोष्ट तर सोडूच नये. वाचता येत नसेल तर सांगावी. स्वतःच्या लहानपणीची, आजोबांच्या गावाची, पहिल्यांदा रेल्वे पाहिली त्या दिवसाची. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागणे हा मुलाचा हट्ट नसतो. पुढे काय येणार हे आधी ओळखण्याचा त्याचा आनंद असतो. मधेच थांबून "मग काय झाले?" असे विचारावे. ज्यांना वाचता येते त्यांनी बोट ओळीवरून फिरवीत वाचावे, म्हणजे बोलणे कागदावर उतरते हे मुलाला दिसेल.

स्वभाव घडतो तोही येथेच

राग, भीती, मत्सर यांना नावे देणे हेही शिक्षण आहे. धाकट्या भावंडाला चिमटा काढणाऱ्या मुलाला मारण्याआधी, "आई त्यालाच घेते म्हणून तुला राग आला का?" असे विचारून पाहावे. ज्याला आपल्या मनातले शब्दांत सांगता येते, त्याचे हात कमी उठतात. आमच्या वसतिगृहात पहिल्या रात्री "मला घरची आठवण येते" असे म्हणू शकणारे मूल लवकर झोपी जाते. ज्याला ते म्हणता येत नाही, त्याचे पोट दुखते.

सत्य बोलण्याचा पाठ कसा द्यावा, याचे एक उदाहरण त्रिपिटकात आहे. मज्झिम निकायातील राहुलोवाद सुत्तात तथागत आपल्या पुत्राला, राहुलाला, जाणूनबुजून खोटे बोलण्याविषयी सांगतात. परंपरेनुसार राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडे पाणी ते त्याला दाखवितात, मग ते पाणी फेकून देतात, भांडे पालथे करतात, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवितात आणि प्रत्येक वेळी त्या भांड्याशी खोटेपणाची तुलना करतात. आम्ही शिक्षक म्हणून या प्रसंगाकडे पाहतो तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. लहानग्याला शिकवावयाचे तर जवळ असलेली, त्याने नुकतीच हाताळलेली वस्तू पुढे ठेवावी, हे तेथे आचरणात दिसते. अर्थात, मुलाने खरे बोलावे असे वाटत असेल तर दारी आलेल्या देणेकऱ्याला "बाबा घरी नाहीत" असे सांगावयास आपण त्याला पाठवू नये. तो पाठ भांड्यापेक्षा लवकर लक्षात राहतो.

वेळ कोठून आणावा?

"गुरुजी, हे सगळे खरे, पण आम्ही पहाटे जातो आणि अंधार पडल्यावर येतो," असे अनेक पालक म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. मजुरीवर जगणाऱ्या घराला आम्ही वेगळा अभ्यासाचा तास काढावयास सांगत नाही. जे काम चाललेच आहे, त्यात मुलाला शेजारी बसवून घ्यावे, एवढेच सांगतो. भाकरी थापण्याची वीस मिनिटे, अंघोळीची दहा, झोपण्यापूर्वीची दहा. दिवसाची चाळीस मिनिटे मुलाशी खरोखर बोलत गेली, तर ती थोडी नाहीत.

हे काम एकट्या आईचे नाही. सायकलची साखळी बसविणारा, भिंतीला खिळा ठोकणारा, शेताला पाणी देणारा बाप हाही शिक्षकच आहे. त्याने मुलाला पाना धरावयास द्यावा आणि मुलीलाही द्यावा. आजी-आजोबांकडे तर गोष्टी आणि वेळ दोन्ही असतात. आमच्या शाळेतील मुले दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी येतात, त्यांच्याकडे धाकट्या भावंडांना रोज एक गोष्ट सांगण्याचे काम द्यावे. सांगणाऱ्याचेही त्यात भले होते. गावातील अंगणवाडीत मूल नियमित जाते ना, एवढेही पाहावे. १९७५ पासून चाललेल्या या योजनेत पोषण आणि आरोग्याबरोबर पूर्वशालेय शिक्षणही आहे. ते मागणे हा आपला हक्क आहे.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. मूल जेवत नाही म्हणून त्याच्यासमोर मोबाईल धरू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसाकाठी एका तासाहून अधिक बसू नये, त्याहून कमी असेल तर उत्तमच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. पाहुण्यांपुढे "म्हणून दाखव" असा आग्रह धरू नये. आणि कर्ज काढून तीन वर्षांच्या मुलाची फी भरण्यापूर्वी, त्या पैशात सहा महिने दूध, अंडी आणि काही चित्रमय पुस्तके येतील का, याचा हिशेब करून पाहावा.

शेवटी

आपल्या समाजातील एका पिढीने शाळेच्या बाहेर बसून अक्षरे ऐकली, पुढच्या पिढीने वसतिगृहांच्या आधाराने पदव्या घेतल्या. त्यांची मुले आता सुशिक्षित आईवडिलांच्या घरात वाढत आहेत, तर कित्येकांची मुले अजूनही उसाच्या फडात आणि वीटभट्टीवर वाढत आहेत. दोन्ही घरांतील आईवडील आम्हाला निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगतात, की मुलाला शिकविणे आमचे काम नव्हे. एक म्हणतो, "आम्हाला वेळ नाही, चांगली नर्सरी सांगा." दुसरा म्हणतो, "आम्हाला येत नाही." दोघांनाही आमचे उत्तर एकच आहे. सहाव्या वर्षी मूल आमच्याकडे पाठवाल तेव्हा त्याला अक्षरे येत नसली तरी चालेल, ती शिकविणे आमचे काम आहे. त्याला बोलता यावे, विचारता यावे, आपल्या हाताने काम करता यावे आणि पंगतीत कोणी पाणी प्यावयास गेला असेल तर त्याचीही वाटी मांडावयाची असते, हे त्याला ठाऊक असावे.

ती मुलगी पहिलीत दिवाळीपूर्वीच वाचू लागली. तिची आई पुढच्या खेपेस भेटावयास आली, तेव्हा आम्ही तिला वर्गात बोलावून मुलांसमोर भाकरी मोजण्याची गोष्ट सांगितली आणि तिलाच विचारले, "बाई, तुम्ही हे हिला कसे शिकविले?" ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "शिकवलं कुठं? नुसतं संगं बसवलं."